रनफ्लॅट की साधे ट्यूबलेस? कोकणातील हिवाळी प्रवासासाठी टायरचे परीक्षण

गाडीसोबत कारखान्यातून आलेले रनफ्लॅट टायर, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर, झिजत आले की मालकाला एक निर्णय घ्यावाच लागतो : पुन्हा त्याच जातीचे महाग टायर घ्यायचे, की साधे ट्यूबलेस बसवून डिकीत स्टेपनी ठेवायची. मोठ्या शहरात हा निर्णय बराचसा पैशांचा असतो. रत्नागिरीत राहून सागरी महामार्ग, मुंबई–गोवा महामार्ग आणि सह्याद्रीचे घाट यांवर गाडी चालवणाऱ्याला मात्र रस्ता, अंतर आणि पंक्चरवाल्याकडचे यंत्र या तिन्हींचा विचार करावा लागतो. मी हे दोन्ही प्रकार एकाच गाडीवर आणि याच रस्त्यांवर वापरले आहेत. आधी रनफ्लॅट, आणि आता साधे. परीक्षण या दोन प्रकारांचे आहे, एखाद्या कंपनीच्या मालाचे नाही, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे, कारण पावसाळाभर अंगणात थांबलेली गाडी कोकणात खरी धावते ती याच महिन्यांत.

रनफ्लॅटची रचना समजून घेतल्याशिवाय त्याचे गुणदोष नीट तोलता येत नाहीत. साध्या टायरमध्ये गाडीचा भार मुख्यतः आतली हवा पेलते. बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, तुलनेने पातळ आणि लवचीक असते, आणि हवा गेली की ती मुडपून रिमखाली चिरडली जाते. रनफ्लॅटमध्ये याच भिंतीच्या आत उष्णतेला टिकणाऱ्या कठीण रबराचा जाड थर असतो, त्यामुळे हवा पूर्ण गेली तरी भिंत उभी राहते आणि टायर रिमवरून निसटत नाही. अशा अवस्थेत ताशी ८० किलोमीटरच्या आत वेग ठेवून सुमारे ८० किलोमीटर जाता येते, असे बहुतेक कंपन्या सांगतात. अमेरिकेत १९९४ च्या कॉर्व्हेटसाठी गुडइयरने असे टायर पर्याय म्हणून दिले होते आणि त्याच गाडीच्या १९९७ च्या पिढीत ते मूळचेच झाले. आपल्याकडे ते प्रामुख्याने बीएमडब्ल्यू आणि मिनी या गाड्यांमुळे ओळखीचे झाले. टायरवरची खूण कंपनीगणिक बदलते. ब्रिजस्टोन आरएफटी अशी अक्षरे छापते, मिशेलिन झेडपी, कॉन्टिनेन्टल एसएसआर आणि गुडइयर आरओएफ. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ही अक्षरे साइडवॉलवर आवर्जून शोधावीत, नाहीतर आपल्या गाडीला कोणते टायर आहेत हे डिकीतला गालिचा उचलून खाली स्टेपनी नाही असे दिसल्यावरच कळते. या टायरसोबत दाब दाखवणारी यंत्रणा असावीच लागते, कारण भिंत इतकी ताठ असते की हवा गेल्याचे स्टिअरिंगवर पुरेसे जाणवत नाही आणि चालक नकळत रिकाम्या टायरवर मैलोन् मैल जाऊ शकतो.

थंड देशांत या निवडीचे गणित निराळे आहे. रनफ्लॅटविषयी जे काही वाचायला मिळते त्यातले बरेचसे तिकडच्या बर्फाळ रस्त्यांवरून आलेले असल्यामुळे ते आधी वेगळे करून पाहिले पाहिजे. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर ताठरते आणि पकड घटते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील अशा मिश्रणाचे असते आणि त्याच्या तळाच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. जर्मनीत २०१० पासून बर्फ, चिखलबर्फ किंवा घसरडा रस्ता असेल तेव्हा हिवाळी टायर बंधनकारक आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेली खूणच ग्राह्य धरली जाते. केवळ एम अधिक एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) असे छापलेले टायर आता तिथे चालत नाहीत. म्युनिकला राहणाऱ्या माझ्या भाच्याने विचारले होते, ‘‘मामा, गाडीला रनफ्लॅट आहेत, मग हिवाळ्यात वेगळे टायर घ्यायची गरज आहे का?’’ गरज आहेच, असे मी त्याला सांगितले, कारण भिंत कितीही मजबूत असली तरी रस्त्याला धरते ते तळाचे रबर, आणि उन्हाळी रबराचा रनफ्लॅट बर्फावर उन्हाळी टायरइतकाच घसरतो. आधी रबर ऋतूला साजेसे निवडावे आणि मगच भिंतीचा विचार करावा, हा क्रम तिथे बदलता येत नाही. त्याने शेवटी हिवाळी रबरातलेच रनफ्लॅट घेतले, आणि तो निर्णय मला पटतो : उणे तापमानात, अंधारात, वेगवान महामार्गाच्या कडेला उभे राहून चाक बदलणे धोक्याचे असते, आणि ८० किलोमीटरच्या आत त्याला असे टायर ठेवणारे दुकान हमखास सापडते.

रस्त्याला तळाचे रबरच धरते, याच कारणाने डिसेंबर-जानेवारीत इथून गाडी घेऊन हिमाचलला जाणाऱ्यांनीही रनफ्लॅटवर भिस्त ठेवू नये. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यात लाहौलच्या बाजूला जाणाऱ्या पर्यटकांची वाट सोपी झाली आहे, परंतु बर्फ पडलेल्या रस्त्यावर आपल्याकडचे उन्हाळी रबर, मग ते रनफ्लॅटचे असो वा साध्याचे, सारखेच निरुपयोगी ठरते. तिथे चाकाला साखळ्या लावाव्या लागतात.

कोकणातला हिवाळा टायरच्या दृष्टीने थंड नाहीच. रत्नागिरीत डिसेंबरच्या दुपारी पारा सहज ३१-३२ अंशांवर असतो आणि डांबर त्याहून बरेच तापलेले असते. दापोलीच्या पहाटे १०-१२ अंशांपर्यंत उतरतात आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, एवढीच काय ती थंडी. ७ अंशांची मर्यादा इथे जवळजवळ लागूच होत नाही, आणि म्हणून थंड देशातला रबराचा प्रश्न आपल्यापुरता सुटलेला आहे. आपल्यापुढे उरतो तो भिंतीचा प्रश्न.

आणि भिंतीला त्रास होण्याचे दिवसही हेच. पाऊस थांबला की रस्त्यांची कामे निघतात आणि ती पुढच्या पावसापर्यंत चालतात. खडी पसरलेली असते आणि वर डांबराचा थर पडायचा असतो, अशा पट्ट्यातून गाडी न्यावी लागते. काळ्या दगडाच्या ताज्या फोडलेल्या खडीला सुरीसारखी धार असते. महामार्गाच्या चौपदरीकरणाची कामे चालू असलेल्या भागात सळ्या बांधायच्या तारेचे तुकडे आणि शटरिंगचे खिळे रस्त्यावर सांडलेले असतात. आतल्या अरुंद रस्त्यांवर, म्हणजे जैतापूरकडे, देवगडकडे किंवा गुहागरच्या खालच्या अंगाला, समोरून एसटी आली की एका बाजूची दोन चाके साइडपट्टीवर उतरवणे भाग पडते. पावसाने साइडपट्टीची माती वाहून गेलेली असते, डांबराची तुटलेली कड वीतभर उंच राहिलेली असते, आणि गाडी पुन्हा वर घेताना ती कड टायरच्या तळाला न लागता भिंतीला घासते. खाली जांभा उघडा पडला असेल तर त्याचे कंगोरेही तिथेच लागतात. आमच्या भागात टायर फुकट जातात ते बहुतेक याच घासण्याने. तळातला खिळा दुरुस्त होतो, भिंतीचा चिरा होत नाही. रनफ्लॅटची भिंत जाड असली तरी हा नियम तिलाही लागू आहे, आणि इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा : भिंत फाटली तर पुढचे ८० किलोमीटर मिळतीलच असे कोणतीही कंपनी सांगत नाही.

रनफ्लॅटची खरी परीक्षा झाली ती आंबा घाटात. आई सोबत होती आणि आम्ही कोल्हापूरला निघालो होतो. साखरपा मागे पडून चढ सुरू झाल्यावर पडद्यावर इशारा आला आणि मागच्या डाव्या चाकाचा दाब बघता बघता शून्यावर गेला. घाटाच्या त्या भागात गाडी बाजूला घ्यायला जागा नाही, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला कठडा, आणि मागून उसाची रिकामी ट्रॉली व मालट्रक येत राहतात. साधा टायर असता तर तिथेच थांबावे लागले असते. रनफ्लॅटने त्या दिवशी जे आश्वासन दिले होते ते पूर्णपणे पाळले : गाडीचा तोल ढळला नाही, वळणावर मागचा भाग किंचित जड वाटला एवढेच, आणि वेग ५० च्या आसपास ठेवून आम्ही मलकापूरवरून कोल्हापूर गाठले. आईला काही बिघडले आहे हे दुकानासमोर उतरेपर्यंत कळले नव्हते. या गुणाचे मोल मी कमी लेखत नाही.

दुकानात टायर रिमवरून उतरवला तेव्हा तळात बोटाच्या पेराएवढा तारेचा तुकडा सापडला. भोक इतके बारीक होते की साध्या टायरला ते दहा मिनिटांत बुजवता आले असते. परंतु टायर उलटा धरताच आतून चहाच्या भुकटीसारखा काळा चुरा जमिनीवर पडला. हवेशिवाय चालताना भिंत आतल्या आत घासते, तापते आणि तिचे रबर असे सुटते. बाहेरून टायर नवा दिसतो, पण भिंतीने आपली ताकद किती गमावली हे पाहून सांगता येत नाही. म्हणूनच शून्य दाबावर चाललेला रनफ्लॅट दुरुस्त करू नये असे बहुतेक उत्पादक सांगतात. मिस्त्रीने तो चुरा हातावर घेऊन दाखवला आणि म्हणाला, ‘‘काका, ह्यो आता चालायचा न्हाई. आन् ह्या मापाचा आपल्याकडं न्हाई, पुण्यास्नं मागवाय लागंल.’’ त्याने ठिगळ मारून पैसे घेतले असते तर आम्हाला कळलेही नसते. त्याने तसे केले नाही, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. टायर येईपर्यंत गाडी तिथेच राहिली आणि आम्ही एसटीने परतलो.

माझे मत बनले ते या अनुभवावरून. रनफ्लॅट तुम्हाला दुकानापर्यंत पोहोचवतो, पण दुकानात तुमच्या मापाचा रनफ्लॅट नसेल तर प्रवास तिथेच संपतो. पुणे किंवा मुंबईत हा फरक जाणवत नाही. रत्नागिरी ते कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर आणि रत्नागिरी ते चिपळूण सुमारे ९०. या पट्ट्यात ८० किलोमीटरच्या आत एखादे मोठे गाव लागते खरे, परंतु त्या गावात १७ किंवा १८ इंची रनफ्लॅट तयार ठेवलेला असण्याची शक्यता फार कमी असते. गावच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे तर प्रश्नच येत नाही. तो दोन पहारींनी टायर उतरवतो. रनफ्लॅटची ताठ भिंत पहारीला दाद देत नाही, जबरदस्ती केली तर रिमची कड सोलते आणि टायरच्या काठातली तार दुखावते. त्यासाठी जादा हात असलेले यंत्र लागते, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणीही मोजक्याच दुकानांत आहे.

उष्णतेचाही विचार करायला हवा. रिकामा रनफ्लॅट किती अंतर टिकतो हे गाडीतला भार, वेग आणि तापमान यांवर ठरते, आणि उष्णता हाच त्या भिंतीचा मुख्य शत्रू आहे. पाच माणसे, मागे सामान, दुपारचे तापलेले डांबर आणि घाटातली वळणे असा प्रवास असेल तर ८० हा आकडा पूर्ण मिळेल असे धरून चालू नये. मी तरी निम्म्यावर दुकान गाठायचा हिशेब ठेवत असे.

साधे ट्यूबलेस बसवल्यावर पहिला फरक जाणवला तो बसणीत. रनफ्लॅटचे वजन अधिक असते आणि भिंत लवत नाही, त्यामुळे रस्त्यातला प्रत्येक सांधा आणि खड्डा थेट आत पोहोचतो, आणि खोल खड्ड्यात तोच धक्का रिमलाही बसतो. संगमेश्वर ते हातखंबा या भागात काँक्रीट, जुने डांबर आणि तात्पुरते वळणरस्ते एकामागून एक येतात. तिथे आधी आई हँडल धरून बसायची, आता ती झोपते. आवाजही कमी झाला. किंमत मोजावी लागली ती थोडीशी नेमकेपणात : वेगाने वळण घेताना गाडी पूर्वी जितक्या झटकन वळत असे तितकी आता वळत नाही, कारण तिची सस्पेन्शन मूळची ताठ टायर गृहीत धरून जुळवलेली आहे. कुंभार्ली घाट उतरताना हा फरक कळतो, पण त्याने विश्वास कमी होत नाही. किमतीत मात्र फरक ठळक आहे. त्याच मापाचा साधा टायर बराच स्वस्त पडतो आणि निवडीला अनेक कंपन्या असतात.

साध्या टायरचे पंक्चरही झाले, जयगडहून परतताना सड्यावर, दिवेलागणीच्या सुमारास. ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेला खिळा पुष्कळदा स्वतःच भोक अडवून धरतो आणि हवा हळूहळू जाते. दाबयंत्रणेने वेळेत सांगितले, डिकीतल्या छोट्या कंप्रेसरने हवा भरली आणि घर गाठले. खिळा आंबापेटीचा होता, गेल्या हंगामातला, गंजलेला. सकाळी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने टायर न उतरवताच दोरी घातली, साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले आणि काम संपले. तळातले भोक, गावातला माणूस आणि किरकोळ खर्च : कोकणातली बहुतेक पंक्चरे अशीच असतात, आणि त्यांच्यासाठी साध्या टायरसारखा सोयीचा टायर नाही.

या निवडीतली खरी अडचण स्टेपनीची आहे. रनफ्लॅटसाठी आखलेल्या गाडीत स्टेपनीसाठी खळगा नसतो, जॅक नसतो, पानाही नसतो. आपल्याकडच्या नियमांत २०२० मध्ये झालेल्या बदलानुसार, ट्यूबलेस टायर, दाबयंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारींना स्टेपनी नसली तरी चालते. त्यामुळे कायद्याच्या बाजूने अडचण नाही, पण कायद्याला चालते ते रात्री अकराला नाटे-जैतापूर रस्त्यावर चालतेच असे नाही. संचातला द्रव तळातले लहान भोक बुजवतो, भिंतीचा चिरा बुजवत नाही, त्याला वापरण्याची मुदत असते, आणि तो आत गेल्यावर टायरचे पुढचे काम करणाऱ्या माणसाला आतला चिकटा साफ करावा लागतो. मी त्याच रिमच्या मापाची अरुंद स्टेपनी घेतली, ती पट्ट्याने डिकीत आवळून बांधली आणि सोबत जॅक, पाना व फळीचा एक तुकडा ठेवला, कारण साइडपट्टीच्या भुसभुशीत मातीत जॅक रुततो. डिकीतली जवळजवळ निम्मी जागा त्यात जाते. मुंबईहून येणाऱ्या आणि परतताना नारळ, तांदूळ, कोकम, सगळे घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला ही जागा सोडणे जड जाईल, हे मला मान्य आहे, तरीही मी ती सोडण्याचाच सल्ला देईन.

दाबाकडे हिवाळ्यात विशेष लक्ष द्यावे, टायर कोणताही असो. तापमान १० अंशांनी उतरले की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे हे एकक) घटतो. रत्नागिरीत भर दुपारी ३२ अंशांत ३३ पीएसआय हवा भरून संध्याकाळी दापोलीला गेलात, तर पहाटे १२ अंशांत गेज ३० च्या आसपास दाखवील. महाबळेश्वरला थंडी त्याहून अधिक असते, पण तिथे बाहेरचा वायुदाबच कमी असल्याने गेजवर ही घट पुष्कळशी झाकली जाते. बहुतेक दाबयंत्रणा दाब २० ते २५ टक्के घसरल्यावरच दिवा लावतात. म्हणजे थंडीने गेलेली तीन पीएसआय त्या सांगणार नाहीत. हवा सकाळी, गाडी फारशी चालण्याआधी, स्वतःच्या गेजने तपासावी, आणि घाट उतरून तापलेल्या टायरमधली हवा जास्त दिसते म्हणून सोडू नये. पंपावर नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मागतात. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, तेव्हा ते पैसे चांगल्या गेजवर खर्च केलेले बरे.

खाऱ्या हवेने होणारे नुकसान मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. किनाऱ्यालगत राहणाऱ्या गाड्यांत ॲल्युमिनियमच्या रिमची कड, जिथे टायर बसतो, पांढुरकी होऊन खडबडीत होते आणि तिथून हवा झिरपते. पंक्चर शोधून सापडत नाही तेव्हा बहुधा हेच असते. दाबयंत्रणेचे सेन्सर व्हॉल्व्हला जोडलेले असतील तर त्यांच्या धातूच्या दांड्याही क्षाराने खातात. जेटीवरून किंवा फेरीबोटीच्या रॅम्पवरून गाडी नेली असेल तर चाके गोड्या पाण्याने धुवावीत. नवे टायर बसवताना रिमची कड घासून साफ करून घ्यावी आणि व्हॉल्व्हचे रबरी भाग बदलावेत. रनफ्लॅट वापरणाऱ्याला याची गरज अधिक आहे, कारण त्याची सगळी सुरक्षितता त्या सेन्सरच्या खरेपणावर उभी असते.

इतके असूनही काही लोकांना मी रनफ्लॅटच घ्यायला सांगेन. ज्यांना वयामुळे किंवा प्रकृतीमुळे चाक बदलणे शक्य नाही, ज्या स्त्रिया एकट्या रात्रीचा घाट चालवतात, ज्या डॉक्टरांना अवेळी आडगावी जावे लागते, आणि जे जत्रांच्या दिवसांत दशावतार पाहून उत्तररात्री मोबाईलची रेंज नसलेल्या सड्यावरून परततात, त्यांच्यासाठी न थांबता पुढे जाता येणे हे बसणीच्या आरामापेक्षा आणि पैशांपेक्षा मोठे आहे. त्यांनी एवढेच करावे की आपल्या मापाचा एक जादा रनफ्लॅट आधीच मागवून घरी सावलीत ठेवावा, म्हणजे दुकानात पोहोचल्यावर वाट पाहणे टळेल. ज्यांची गाडी मुळातच साध्या टायरची आहे त्यांनी मात्र रनफ्लॅटच्या मोहात पडू नये. त्यासाठी योग्य रिम आणि दाबयंत्रणा लागते, आणि सस्पेन्शनही त्या हिशेबाने जुळवलेली नसते.

साध्याकडे वळणाऱ्यांनी चारही टायर एकदमच बदलावेत. एका धुरीवर एक रनफ्लॅट आणि एक साधा ही जोडी तर कधीच नको, ओल्या वळणावर ती गाडी सरळ वागत नाही. भारांक आणि वेगांक, म्हणजे टायर किती भार आणि किती वेग पेलतो हे सांगणाऱ्या खुणा, मूळ टायरइतके किंवा त्याहून वरचे असावेत, आणि बदलाने गाडीच्या वॉरंटीवर काय परिणाम होईल हे सेवा केंद्राकडून लेखी घ्यावे. मागवलेला टायर पैसे देण्याआधी उलटा करून साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे पाहावेत. २३२५ असेल तर तो २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला असतो. कमी खपाची मापे गोदामात पडून राहतात, आणि आमच्या दमट, उष्ण हवेत जुने रबर लवकर चिरते. बसवून झाल्यावर अलाइनमेंट करून दाबयंत्रणा पुन्हा शून्यापासून जुळवून घ्यावी. अरुंद स्टेपनी घेतलीत तर तिच्यात साधारण ६० पीएसआय हवा लागते, हे तिच्या भिंतीवर छापलेले असते. पंपावरचा मुलगा सवयीने ३२ भरतो, म्हणून त्याला आकडा आधी सांगावा आणि भरून झाल्यावर स्वतःच्या गेजने पाहावे.